बंदरावरची मांजरे: कोकण किनाऱ्यावर मोकाट मांजरांना खाऊ घालण्याची आणि सांभाळण्याची रीत

कोकण किनाऱ्यावरच्या मांजराच्या पोटाचे गणित समुद्राशी बांधलेले असते. ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत जेटीवर होड्या लागतात, लिलाव होतो, मासळी साफ करताना डोकी, शेपट्या आणि आतडी पडतात आणि त्यांवर दहा-बारा मांजरे सहज जगतात. १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे तब्बल ६१ दिवस. नेमका तेव्हाच पाऊस कोसळू लागतो, वाळत घातलेली मासळी आवरली जाते, मे महिन्यात आलेले चाकरमानी मुंबईला परततात आणि घरांना कुलुपे लागतात. उन्हाळ्यात जन्मलेली पिल्ले त्या सुमारास दूध सोडण्याच्या वयात आलेली असतात. माझ्या पाहण्यात किनाऱ्यावरची जितकी मांजरे दगावली, त्यांतील बहुतेक जून-जुलैमध्येच दगावली.

म्हणून पहिलीच गोष्ट स्पष्टपणे सांगते. मोकाट मांजरांना खाऊ घालणे हे सुट्टीतले पंधरा दिवसांचे काम नाही. मे महिन्यात रोज ताट भरून घालायचे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निघून जायचे, हे त्या मांजराच्या दृष्टीने न घालण्यापेक्षाही वाईट ठरते, कारण एव्हाना ते त्या अंगणावर विसंबलेले असते आणि तिथेच त्याने पिल्ले घातलेली असतात. आपण गावात राहत नसाल, तर मागे कोण घालणार हे ठरल्यावरच सुरुवात करावी.

मी मालवण तालुक्यातील एका लहान जेटीजवळ राहते आणि गेली काही वर्षे तिथल्या मांजरांचे पाहते. पहिल्या वर्षी मी मनापासून पण चुकीचे केले. संध्याकाळी दूधभात घालत राहिले आणि नसबंदीचा विचारही केला नाही. दोन भाट्यांची (माद्यांची) वर्षभरात अकरा मांजरे झाली आणि त्यांतील पाच पिल्ले पहिल्याच पावसाळ्यात गेली. पुढे लिहिले आहे ते त्यानंतर पशुवैद्यांकडून आणि अनुभवातून शिकलेले आहे.

आधी मोजणी

खाणे सुरू करण्यापूर्वी आठवडाभर केवळ पाहावे. पहाटे होड्या लागतात तेव्हा आणि दिवेलागणीच्या आधी, अशा दोन वेळा जाऊन प्रत्येक मांजराची वहीत नोंद करावी: रंग, शेपटी, जुनी जखम, नर की मादी. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमीच मादी असते, तर भगव्या रंगाच्या मांजरांत बोके अधिक असतात, एवढ्यावरूनही बराच अंदाज येतो. डाव्या कानाचे टोक सरळ कापलेले दिसले, तर त्या मांजराची नसबंदी झाली आहे, असे समजावे. ही नोंद पुढे फार उपयोगी पडते, कारण चार दिवस एखादे मांजर आले नाही, तर ते आपल्या लगेच लक्षात येते.

जागा आणि वेळ

जागा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: कुत्र्यांना पोहोचता येऊ नये, पावसाचे पाणी साचू नये आणि माणसांच्या जाण्या-येण्यात अडथळा होऊ नये. आपल्याकडे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे अंगणाची बुटकी दगडी भिंत, हे यासाठी उत्तम ठिकाण आहे. कमरेएवढ्या उंचीच्या गडग्यावर सपाट चिरा बसवून त्यावर ताटली ठेवली, की मांजर निर्धास्तपणे खाते आणि कुत्रा खालूनच परततो. मुंग्यांसाठी मोठ्या परातीत पाणी ओतून त्यात खाण्याचे भांडे ठेवावे.

वेळ रोज तीच असावी. मांजरे दोन-तीन दिवसांत वेळ शिकतात, ठरलेल्या वेळी येतात, खातात आणि जातात. दिवसभर भांडे भरलेले ठेवू नये. अर्ध्या तासाने उरलेले उचलावे आणि जागा धुवावी. यामागे केवळ स्वच्छतेचा विचार नाही. रात्री उरलेल्या खाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप येतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसे मुबलक असताना अंधारात अंगणात उंदीर जमवणे घरच्यांसाठीही धोक्याचे आहे. ज्या गावांत बिबट्याचा वावर आहे, तिथे तर संध्याकाळचे खाणे उजेड असतानाच उरकावे.

सागरी कासवांच्या किनाऱ्यांविषयी एक सूचना आहे. वेळास, आंजर्ले, वायंगणी यांसारख्या ज्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, तिथे वाळूवर किंवा वाळूला लागून खाण्याची जागा करू नये. खाण्यामुळे मांजरांबरोबर कुत्रेही जमतात आणि विणीच्या काळात, साधारण नोव्हेंबर ते मे, अंडी आणि पिल्ले दोन्ही धोक्यात येतात. अशा गावात खाणे वस्तीच्या आतल्या बाजूला द्यावे.

काय घालावे, काय घालू नये

मांजर पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. त्याला टॉरिन नावाचे द्रव्य आहारातूनच मिळावे लागते आणि ते केवळ मांस, मासे अशा प्राणिज अन्नातच पुरेसे असते. ते दीर्घकाळ कमी पडले, तर हृदय दुबळे होते आणि दृष्टीही जाऊ शकते. दूधभातावर वाढलेले मांजर पोट भरलेले दिसले, तरी आतून उपाशी असते. शिवाय बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि हगवण लागते. त्यामुळे दूध बंद करावे आणि त्या जागी स्वच्छ पाणी ठेवावे. भात मिसळायचाच असेल, तर तो एकूण खाण्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावा.

मासे आपल्याकडे सहज मिळतात, परंतु ते शिजवून घालावेत. तारलीसारख्या काही कच्च्या माशांत थायामिनेज नावाचे विकर असते. ते ब१ जीवनसत्त्व नष्ट करते, आणि अशी कच्ची मासळी रोज खाणारे मांजर कालांतराने मान खाली घालून झोकांड्या खाऊ लागते, त्याला झटकेही येतात. शिजवल्याने हे विकर निष्प्रभ होते, मात्र बर्फात ठेवल्याने होत नाही. उकडताना टॉरिनचा काही भाग पाण्यात उतरतो, म्हणून ते पाणी फेकून न देता खाण्यातच कालवावे. उकडताना मीठ, मसाला, आमसूल, तिरफळ यांतील काहीही घालू नये.

फक्त तेलकट मासळी, म्हणजे तारली, बांगडा आणि कुपा, महिनोन्महिने घालणेही बरे नाही. त्यातून ई जीवनसत्त्वाची कमतरता होऊन कातडीखालची चरबी सुजते आणि मांजर स्पर्शही सहन करत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवस मासळी आणि उरलेले दिवस कोंबडीचे मांस, दिल (हृदय), पेटा (पोटातली जाड पिशवी) किंवा उकडलेले अंडे, अशी विभागणी मला योग्य वाटते. गावातील चिकनवाल्याला आधी सांगून ठेवले, तर हे भाग कमी दरात मिळतात. कलेजी मात्र आठवड्यातून एकदाच आणि थोडी द्यावी, कारण तिच्यातील अ जीवनसत्त्व अति झाले, तर मांजराची हाडे बिघडतात. शिजवलेली कोंबडीची हाडे मुळीच देऊ नयेत. त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात. सुरमई, कुपा यांचे मोठे काटेही काढून टाकावेत.

साडेतीन-चार किलोच्या मांजराला दिवसाला सुमारे दीडशे ते दोनशे ग्रॅम शिजवलेली मासळी किंवा मांस पुरते. व्याललेल्या भाटीला याच्या दुप्पट, कधी त्याहून अधिक लागते. कोरडे खाद्य देत असाल, तर पन्नास-साठ ग्रॅम पुरे, परंतु त्यासोबत पाण्याची दोन भांडी, खाण्यापासून थोड्या अंतरावर, असलीच पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यांत पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

आता घालू नये अशा गोष्टी. घरात उरलेले कालवण मांजराला देणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली चूक आहे, कारण त्यात कांदा आणि लसूण असते, आणि या दोन्हींमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. कांदा शिजलेला असला, तरी हा अपाय टळत नाही. उन्हात राहून वास मारू लागलेला बांगडा उकडूनही देऊ नये, कारण त्यात तयार झालेले हिस्टामिन उकळण्याने जात नाही. जाळ्यातून काढून किनाऱ्यावर टाकलेला, फुगून गोल होणारा केंड मासा प्राणघातक विषारी असतो. तो दिसला, तर वाळूत खोल पुरावा.

जून-जुलैची तयारी

बंदीच्या काळाची बेगमी मे महिन्यातच करावी, जशी आपण घरची करतो. सुक्या मासळीत निवड करताना लक्षात ठेवावे, की बोंबील आणि जवळा बहुधा मीठ न लावता वाळवतात, तर खारा बांगडा मिठातच मुरवलेला असतो. मांजरांसाठी बोंबीलच घ्यावेत, ते रात्रभर पाण्यात भिजवावेत, पाणी दोनदा बदलावे आणि मग उकडावेत. खारवलेली मासळी कितीही धुतली, तरी मांजराच्या मूत्रपिंडांना जड जाते.

कोरडे खाद्य घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावे. कोकणातील दमट हवेत उघड्या पाकिटाला आठवड्याभरात बुरशी धरते आणि बुरशी लागलेले खाद्य यकृताला घातक असते. एवढ्यासाठी मोठे पोते स्वस्त पडत असले, तरी पावसाळ्यात लहान पाकिटे घेणे शहाणपणाचे आहे. फ्रिजमध्ये मासळी भरून ठेवण्यावर मी विसंबत नाही, कारण पावसात दोन-दोन दिवस वीज नसते. अंडी आणि कोंबडी बाजारात सुरूच असतात. त्यामुळे या दोन महिन्यांत खर्च वाढतो, हे धरूनच मांजरांची संख्या झेपेल की नाही, हे ठरवावे.

पावसातील निवारा

मासळी व्यापाऱ्यांकडे मिळणारी थर्माकोलची पेटी हा सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ निवारा आहे. पेटी उन्हात चार दिवस वाळवावी, बाजूला साधारण पंधरा सेंटिमीटरचे गोल भोक पाडावे, समोरच्या बाजूला असेच दुसरे पाडावे (कुत्रा किंवा बोका आला, तर मांजराला बाहेर पडता यावे म्हणून), झाकण चिकटपट्टीने पक्के करावे आणि पेटी दोन चिऱ्यांवर ठेवावी. आत भाताचा कोरडा पेंढा भरावा. जुन्या साड्या किंवा गोणपाट घालण्याचा मोह होतो, परंतु कापड ओल धरून ठेवते आणि पिल्लांना सर्दी होते. पेंढा ओला झाला, की बदलावा. पेटी पागोळीखाली येणार नाही, अशा बेताने पडवीच्या कडेला, मांगरात किंवा गोठ्याच्या माळ्यावर ठेवावी आणि उघड्यावरच ठेवावी लागली, तर वरून झाप (विणलेली झावळी) टाकून दोरीने बांधावा, अन्यथा पहिल्याच वाऱ्यात ती उडते.

निवारा धुताना फिनाईल वापरू नये. त्यातील रसायने मांजराच्या यकृताला झेपत नाहीत, आणि मांजर पाय चाटत असल्याने ती थेट पोटात जातात. त्याऐवजी एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असे मिश्रण वापरावे, दहा मिनिटांनी धुवून टाकावे आणि उन्हात वाळवावे.

नसबंदीशिवाय खाणे अपुरे

हा भाग पुष्कळांना अवघड वाटतो, म्हणून सविस्तर लिहिते. भाटी चार-पाच महिन्यांची झाली, की माजावर येऊ शकते. गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेतात साधारण तीन ते पाच पिल्ले होतात, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. चांगले खाणे मिळाले, की वेत वाढते आणि पिल्ले जगतात. म्हणजे आपण केवळ खाऊ घातले आणि नसबंदी केली नाही, तर दोन वर्षांत आपल्याच हातांनी उपासमार वाढवतो. सुरुवात नेहमी भाट्यांपासून करावी.

आधी डॉक्टर निश्चित करावेत. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तिथले पशुधन विकास अधिकारी बहुतांश गाई-म्हशी, शेळ्या पाहतात, तरी मांजराची शस्त्रक्रिया होते का, कोणत्या दिवशी होते आणि भूल देण्याची सोय काय आहे, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. तिथे शक्य नसेल, तर जवळच्या मोठ्या गावातील खासगी पशुवैद्य गाठावा. विरघळणारे टाके घालण्याची आणि त्याच भुलेत कानाचे टोक कापण्याची विनंती आधीच करावी. नाहीतर तेच मांजर पुन्हा पकडले जाते आणि त्याला विनाकारण भूल दिली जाते.

पकडण्याच्या दोन आठवडे आधी पिंजरा, दार उघडे बांधून, खाण्याच्या जागी ठेवावा आणि रोजचे खाणे हळूहळू त्याच्या आत सरकवावे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री खाणे पूर्ण बंद ठेवावे, पाणी मात्र द्यावे. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवायचे नसते, त्यांच्याबाबत डॉक्टर सांगतील तेवढेच करावे. पहाटे पिंजऱ्यात भाजलेल्या बांगड्याचा अगदी लहान तुकडा ठेवावा. वास पुरेसा असतो. मांजर आत गेले आणि दार पडले, की लगेच पिंजऱ्यावर जाड कापड टाकावे. अंधारात ते मिनिटभरात शांत होते. हाताने पकडून पिशवीत भरण्याचा प्रयत्न कधीही करू नये. मी तसा एकदा केला आणि मनगटावर चार दात उमटवून घेतले.

शस्त्रक्रियेनंतर बोक्याला एक-दोन दिवस आणि भाटीला तीन ते पाच दिवस कोरड्या, बंद खोलीत ठेवावे, जखम रोज पाहावी आणि मग जिथून उचलले तिथेच सोडावे. अनोळखी बंदरावर सोडलेले मांजर तिथल्या बोक्यांच्या मारामारीत सापडते किंवा परतीच्या वाटेवर गाडीखाली येते. भर पावसात भाटीची शस्त्रक्रिया टाळावी, कारण ओल्यात जखम चिघळते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याकडे सर्वांत सोयीचा आहे. अंगावर पिणारी पिल्ले असतील, तर ती सहा ते आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबावे.

दुखणी

बोका वारंवार बसून जोर करतो आणि लघवी होत नाही, असे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत जीव जातो. पिल्लांचे डोळे चिकटले असतील, तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसावेत आणि औषध डॉक्टरांकडूनच आणावे. खरजेवर रॉकेल किंवा डांबर लावण्याची जुनी पद्धत पूर्णपणे सोडावी. मांजर ते चाटते आणि विषबाधा होते. कुत्र्यांच्या गोचिडांचे औषध मांजराला लावू नये, त्यातील परमेथ्रिन मांजरासाठी विष आहे. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल देऊ नये, एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. जंताचे औषध तीन महिन्यांनी खाण्यातून देता येते, मात्र मात्रा वजनावर ठरते.

नसबंदीच्या वेळी मांजर हाताशी असते. तेव्हाच रेबीजची लस टोचून घ्यावी आणि जमल्यास मांजरांच्या साथींची लसही घ्यावी. आपल्याला मांजर चावले किंवा रक्त येईल असे ओरबाडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजच्या लशीची मात्रा सुरू करावी. हळद किंवा चुना भरू नये. गरोदर स्त्रियांनी मांजराची विष्ठा साफ करू नये. घरातील दुसऱ्या कोणी ती रोजच्या रोज हातमोजे घालून काढली, तर टॉक्सोप्लाझ्माचा धोका बराच कमी होतो, कारण विष्ठेतील हे जंतू संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस जावा लागतो.

एकटी दिसणारी पिल्ले लगेच उचलू नयेत. आई बहुधा खाण्यासाठी गेलेली असते. दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. पिल्ले गार पडली असतील किंवा सतत रडत असतील, तरच हात घालावा, आणि आधी ऊब द्यावी, मग खाणे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

शेजारी आणि कायदा

पहिल्याच महिन्यात शेजारच्या काकींनी मला विचारले, "माजरांका घालतंस ता बरा, पण तेंची घाण कोण काढतलो?" प्रश्न रास्त होता. परसात एका कोपऱ्यात सैल वाळूचा ढीग केला, की मांजरे बहुधा तिथेच जातात, आणि ती वाळू रोज खोरून साफ करण्याची जबाबदारी घालणाऱ्याची आहे. भाजीच्या वाफ्यांवर नारळाची सोडणे (वरची साले) उलटी पसरून ठेवली, की मांजर तिथे उकरत नाही. मासळी वाळत घालणाऱ्या बायकांचे नुकसान हा तर पोटाचा प्रश्न आहे. त्यांच्याकडून वाळवण पसरण्याची वेळ विचारून घ्यावी आणि त्याच्या अर्धा तास आधी, वाळवणापासून दूर, मांजरांना घालावे. भरल्या पोटी मांजर सावलीत झोपते. आमच्या जेटीवर हा बदल केल्यापासून त्याच बायका मला मुंडकी राखून ठेवतात.

प्राणी जन्मदर नियंत्रण नियम, २०२३ यांतील नियम २० मध्ये वस्तीतील प्राण्यांना खाऊ घालण्यासाठी संमतीने जागा आणि वेळ ठरवण्याची तरतूद आहे. ती जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या वाटांपासून दूर असावी, असे तो नियम सांगतो. मांजरांना विष घालणे किंवा जायबंदी करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा होऊ शकते. तरीही माझ्या मते कायदा आधी काढू नये. ग्रामपंचायतीच्या सदस्याला आणि शेजाऱ्यांना वही दाखवावी, किती मांजरांचे कान कापले गेले, हे सांगावे. त्या आकड्याने मने लवकर वळतात.

ऑगस्टमध्ये होड्या पुन्हा बाहेर पडल्या, की घरचे खाणे एकदम बंद करू नये. पहिले आठ-दहा दिवस वादळी हवेमुळे मासळी कधी येते, कधी येत नाही. तोवर रोजची मात्रा पूर्ण ठेवावी, नंतर दर चार दिवसांनी थोडी कमी करावी आणि जेटीवर पुरेसे मिळू लागल्यावरही संध्याकाळचे एक वेळचे खाणे चालू ठेवावे, कारण त्या वेळी सगळी मांजरे एकत्र येतात आणि वहीतली मोजणी करता येते.